ताणावर सोडलेली बाग

"याच्या तोंडातून एक शबुद जरी निघाला, त मले येऊन सांगजो," फाट्यावर एस.टी.तून माझी बॅग उतरवून घेता घेता बाईनं पानठेल्यावाल्याला बजावलं. "डाक्टरनं चाळीस दिवस बोलणं बंद सांगतलं हाय."

पानठेल्यावाल्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोन, सर? सर बोलनार नाई?" आणि तो इतका मनापासून हसला की त्याच्या हातातलं पान खाली पडलं. मलाही हसू आलं, पण आवाज न करता हसायचं कसं हे अजून जमत नव्हतं. मी नुसतेच खांदे हलवले.

त्याचं हसणं रास्त होतं. मी तेव्हा नागपुरात अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवायचो. दिवसाला पाच बॅचेस. एकेका खोलीत सव्वाशे पोरं, आणि माईक वापरणं मला कमीपणाचं वाटायचं. बहिणीच्या गावी वर्षातून एखादा दिवस आलो तरी मी बोलायचो आणि गाव ऐकायचं. पिकांपासून राजकारणापर्यंत मला ठाऊक नाही असा विषय नव्हता. त्या वर्षी दिवाळीनंतर आवाज बसला तो उठेचना. घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर दोन गाठी असल्याचं सांगितलं. "चाळीस दिवस एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही, ती तर जास्त वाईट. आवाजावर आता अजिबात ताण नको. गाठी बसल्या तर उत्तम. नाही बसल्या तर शस्त्रक्रिया, आणि तिच्यानंतरचा आवाज कसा असेल याची हमी मी देत नाही."

त्रेचाळीस वर्षांचा मास्तर, आवाजाशिवाय दुसरं भांडवल नाही. मी चांगलाच घाबरलो होतो. "घरी राहिलात तर तुम्ही चाळीस मिनिटंही गप्प बसायचे नाहीत," असं म्हणून बायकोनं माझी बॅग भरली आणि मला वरुडच्या गाडीत बसवून दिलं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, इंदूबाई. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. आमचं मूळ गाव कोरडवाहू, कापूस आणि तुरीचं. लग्न होऊन ती संत्र्याच्या मुलखात आली आणि बघता बघता बागाईतदारीण झाली. भाऊजींना जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी अकोल्याला दिलेली. तीनशे झाडांची बाग ती एकटी सांभाळत होती.

घरी पोचल्यावर तिनं मुलीची जुनी पाटी फडताळातून काढली, पुसली आणि माझ्या गळ्यात अडकवायला सुतळी बांधली. "काय पाहिजे थे याच्यावर लिहाचं. पण मोठं मोठं लिहाचं. माहा चष्मा घरी राह्यते." मी लिहिलं, 'चहा'. तिनं पाटी लांब धरली, मग जवळ धरली. "च... हा. चहा! पाह्य, तू लिहून राह्यला अन् मी वाचून राह्यलो. दोघंबी शाळेत चाललो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला बागेत घेऊन गेली. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. इतक्या वेळा येऊनही मी बागेत कधी शिरलो नव्हतो. एवढं ऐकून होतो की बाईची बाग म्हणजे पाहण्यासारखी, आणि समोर पाहतो तर झाडं आजारी. पानं पिवळट, कडांनी आत वळलेली. जमीन भेगाळलेली. झाडांच्या बुंध्यांशी केलेली आळी ठणठणीत कोरडी, आणि पलीकडे विहीर पाण्यानं भरलेली. मी पाटीवर लिहिलं, 'पाणी?'

"ताण देला हाय बागेले," बाई म्हणाली.

ताण हा शब्द मला चांगला माहीत होता. बारावीच्या पोरांच्या आया माझ्याकडे तोच घेऊन यायच्या. डॉक्टरांनीही तोच नको म्हणून सांगितला होता. मी पाटीवर पाण्याच्या पुढचं प्रश्नचिन्ह आणखी ठळक केलं.

"अरे, संत्र्याचं झाड मोठं येडं असते. पाणी देत राह्यलं त बाराई महिने वाढतच राह्यते. जराशी पालवी, जरासं फूल, चार फळं, कशातच त्याचं मन नाई. अन् असंच करत करत दहा-बारा वर्षांत वाळून जाते. म्हणून थंडी पडली का पाणी तोडा लागते. पंचेचाळीस दिवस. मंग थे वाढाचं थांबते. थांबलं का आतमधी जमा करते."

'काय जमा करते?' मी लिहिलं.

"आता थे मले काय मालूम? मी काय झाडाच्या आत जाऊन पाह्यलं? फुलाचं काहीतरी असन." तिनं एक पिवळं पान तोडून बोटांत चुरगाळलं. "तुह्यासारखंच हाय थे. त्यालेबी डाक्टरनं बंद सांगतलं."

मला तो टोमणा वाटला. मी पाटी पुसली.

पहिले आठ-दहा दिवस मी अगदी शहाण्यासारखा वागलो. खरं सांगायचं तर पाहुणचारच फार झाला. न बोलणारे सर पाहायला माणसं येत होती. समोरच्या खाटेवर बसून माझ्याकडे कौतुकानं बघायची आणि माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलायची. एक गृहस्थ कापसावर अर्धा तास वाटेल ते बोलून गेले. त्यांच्या एकूण एक वाक्यातली चूक मला दिसत होती आणि मी सुतळी चावत बसलो होतो. संध्याकाळी बाई स्वयंपाक करायची, मी चुलीसमोर बसायचो. तीही गप्पच असायची. मला वाटायचं, मी बोलत नाही म्हणून तिची पंचाईत होतेय. ती एरवीही एकटीच जेवते, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

दिवस जात होते तशी झाडं जास्तच वाईट दिसायला लागली. रोज सकाळी बुंध्याशी नवी पानं पडलेली असायची. मला ती बघवेनात, म्हणून मी बागेत जाणंच टाळायला लागलो.

एकोणिसाव्या दिवशी बाजार होता. बाई सकाळीच तालुक्याला गेली होती. दुपारी फोन वाजला. मी उचलला आणि ठरल्याप्रमाणे त्याच्या तोंडाजवळच्या भागावर नखानं दोन टिचक्या मारल्या. माझ्या जागी पराग गुल्हाने शिकवत होता, माझाच जुना विद्यार्थी. तो दर आठवड्याला फोन करून एकतर्फी हालहवाल सांगायचा.

"सर, नमस्कार. तुम्ही अजिबात काळजी करू नका हं. सगळं मस्त चाललंय. वर्गसमीकरणं संपवली. मी त्यांना ती थोड्या वेगळ्या पद्धतीनं सांगितली, आकृत्या काढून. पोरं खूश आहेत, सर. एकही गळती नाही. तुम्ही आरामात या. वाटल्यास पुढच्या वर्षीच या!"

तो भला मुलगा होता. मला बरं वाटावं म्हणूनच सांगत होता. मी टिचकी मारून फोन ठेवला आणि ओसरीत येऊन बसलो. पोरं खूश आहेत. पोरं रडतील असं काही मला वाटलं नव्हतं, पण खूश? एकोणीस दिवसांत? वर्गसमीकरण हा माझा हातखंडा विषय. लोक दुसऱ्या क्लासची फी बुडवून माझी वर्गसमीकरणं ऐकायला यायचे. आणि याने आकृत्या काढून सांगितली. मी इथे गळ्यात पाटी अडकवून गप्प बसलोय, आणि तिकडे माझ्यावाचून कोणाचंही काही अडत नाही. मला रडू यायला लागलं, पण डॉक्टरांनी हुंदक्यालाही बंदी घातली होती.

मी उठून बागेत गेलो. घराला लागून असलेल्या पहिल्या रांगेत अकरा झाडं होती. पानं इतकी वळली होती की झाडाच्या आरपार पलीकडचं दिसत होतं. त्यांची मला एवढी दया आली की मी सरळ विहिरीवर जाऊन मोटार सुरू केली. वीज होती. कुदळीनं दांड फोडून पाणी त्या रांगेकडे वळवलं आणि आळी एकामागून एक भरताना पाहत उभा राहिलो. जमीन पाणी पिताना बुडबुडे सोडत होती. फार बरं वाटलं. आणि मग का कोण जाणे, मी तोंड उघडलं.

"तर, वर्गसमीकरण म्हणजे काय?"

आवाज आला! चक्क खणखणीत आला. माझा मलाच इतका आनंद झाला की मी थांबलोच नाही. समोर अकरा विद्यार्थी, एकही मधे चुळबुळ करत नाही. मी व्याख्या सांगितली, अवयव पाडून दाखवले, सूत्र सिद्ध केलं. माझे नेहमीचे विनोदही केले आणि ते संपल्यावर हसण्यासाठी लागतो तेवढा वेळ थांबलोसुद्धा. दोन तास मी शिकवत होतो. मोटार चालू होती म्हणून आवाज आणखी चढवला होता. शेवटचं आळं भरलं तेव्हा 'याचं वर्गमूळ' म्हणताना 'मूळ' आलंच नाही. घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि नुसती हवा बाहेर पडली.

पाच वाजता बाई आली. मी ओसरीत पाटी धरून बसलो होतो, चेहरा शक्य तितका सरळ ठेवून. ती पिशव्या न ठेवताच बागेकडे गेली. मीही मागोमाग गेलो. तिनं पहिल्या आळ्यात हात घातला, चिखल उचलला, बोटांनी दाबून पाहिला.

"मोटार किती वेळ चालू होती?"

मी दोन बोटं दाखवली.

"अन् बोलला किती वेळ?"

मी नकारार्थी मान हलवली. हा खोटेपणा मला आजही लाजिरवाणा वाटतो.

"धुऱ्यापल्याडच्या वावरातल्या लोकायनं आयकलं ना, बापा. फाट्यावर उतरलो नाई तं सांगू लागले, सरायचं डोस्कं फिरलं, संत्र्याले गणित शिकवून राह्यले." ती हसली नाही. "बोलून दाखव बरं आता."

मी प्रयत्न केला. फसफस झाली. कुजबुजीइतकाही आवाज नव्हता. मी पाटीवर लिहिलं, 'पाहवलं नाही.' तिनं पाटी लांब धरली, जवळ धरली. दोनच शब्द, पण तिनं ते बराच वेळ वाचले.

"होते असं," ती म्हणाली. "नाई पाहवत." आणि पदरानं पाटी पुसून टाकली.

मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तिनं फक्त रांगेकडे पाहून हिशेब सांगावा तसं सांगितलं, "आता या अकरा झाडायले नवती येईन. पानंच पानं. फूल नाई. यंदाचा बहार गेला यायचा."

मी लिहिलं, 'पुन्हा ताण?'

"झाडाले नाई जमत. मोसम निघून जाते. तुले जमते."

तिनंच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून डॉक्टरांनी माझ्याबद्दल जे काही ऐकवलं ते तिनं सौम्य करून सांगितलं असावं. "पुन्हा पयल्यापासून चाळीस. आजचा दिवस धरायचा नाई. अन् या बारीनं मोडलं त त्यायच्याकडे यायचं नाई म्हणे."

त्या दिवशी मी परागला पत्र लिहिलं. हे वर्ष तूच पूर्ण कर, असं लिहायला मला अख्खी संध्याकाळ लागली आणि चार कागद फाडावे लागले. पत्र टाकून आल्यावर मला वाटलं होतं की काहीतरी कोसळेल. बाईनं भाकरी वाढली, आम्ही जेवलो, झोपलो.

ते दुसरे चाळीस दिवस पहिल्यासारखे नव्हते. बाईनं माझ्या हातात कात्री दिली आणि बागेची सल काढायला लावलं. सल म्हणजे झाडाच्या आतल्या वाळून गेलेल्या काड्या. त्या बाहेरून दिसत नाहीत, झाडात डोकं घालावं लागतं. मी सकाळी आत शिरायचो आणि दुपारी ओरखडे घेऊन बाहेर यायचो. पहिल्या आठवड्यात माझं डोकं सारखं बोलत होतं. परागला उत्तरं देत होतं, डॉक्टरांशी भांडत होतं, न झालेल्या सभांमध्ये भाषणं करत होतं. नंतर कधीतरी ते कमी झालं. मी एक झाड संपवून दुसऱ्याकडे गेलो आणि मधे काहीच बोललो नाही, मनातसुद्धा, हे मला दुसरं झाड अर्धं झाल्यावर लक्षात आलं.

मग मला बाई दिसायला लागली. चमत्कारिक वाटेल, पण तोवर मी तिला पाहिलंच नव्हतं. ती डाव्या पायावर कमी भार देऊन चालायची. बागेतल्या एका झाडाजवळून जाताना दर वेळी त्याला हात लावायची. चहा करताना दोन कप काढायची आणि मग एक परत ठेवायची. मी आल्यापासून दोन्ही लागत होते, तरी आधी दुसरा परत ठेवायची आणि मग पुन्हा काढायची. मी विचारू शकत नव्हतो. पाटीवर लिहिता आलं असतं, पण असलं पाटीवर लिहीत नाहीत.

संक्रांतीला तिनं ताण तोडला. खत घालून पहिलं हलकं पाणी दिलं, त्याला ती आंबवणी म्हणायची. आठवड्यानं दुसरं. माझी अकरा झाडं तोवर हिरवीगार झाली होती. साऱ्या बागेत तीच देखणी. येणारा-जाणारा त्यांचंच कौतुक करायचा आणि मला मान खाली घालावीशी वाटायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी ओसरीत आलो तर हवेलाच वास येत होता. बागेत गेलो. दोनशे एकोणनव्वद झाडं पांढरी झाली होती. एवढ्याशा काड्यांवर इतकी फुलं कुठून आली, मला कळेना. पिवळी पानं मी स्वतः पाहिली होती, काड्या स्वतः कापल्या होत्या. मधमाशांचा आवाज इतका होता की मोटार चालू आहे की काय असं वाटावं. मी दोन रांगांच्या मधे उभा राहिलो आणि मला रडू आलं. या वेळी मी ते येऊ दिलं.

बाई मागून आली. "चाळीस झाले आज," ती म्हणाली. "डाक्टरनं सांगतलं हाय, पयल्या दिवशी पाच मिनिटं. हळू बोलाचं. बोल."

मी घसा खाकरणार होतो, तोही मना होता. दोन महिने मी या क्षणाची तयारी केली होती. काय बोलायचं याची कितीतरी वाक्यं रचली होती, त्यांतली काही फारच सुंदर होती. आता त्यांतलं एकही बोलावंसं वाटलं नाही.

"बाई," मी म्हटलं. आवाज आला. जरा जाड, पूर्वीपेक्षा खालचा, अनोळखी. पण फाटका नव्हता. "तुनं कोणत्या साली असं ताणात पाणी सोडलं होतं वं?"

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणी नाई. त्या दिवशी तू 'होते असं, नाई पाहवत' म्हणाली होती."

तिनं जवळच्या फांदीवरून हात फिरवला, दोन फुलं झडली. "तुहे भाऊजी गेले त्या साली," ती म्हणाली. "बाग ताणावर सोडून वीस-बावीस दिवस झाले होते. घर भरून माणसं. तू आलता. दोन दिवस होता तू, अन् दोन्ही दिवस बोलतच होता. पाव्हण्यायशी, माह्या सासरच्यायशी, सबन्यायशी. चांगलं बोलला. लोक म्हणत होते, भाऊ होता म्हणून निभावलं. मग माह्याजवळ येऊन बसला अन् मरण म्हणजे काय असते थे मले समजावून सांगतलं."

मला ते आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. त्या दिवशी आपण फार छान बोललो असं मला चार वर्षं वाटत आलं होतं.

"तिसऱ्या दिवशी तू गेला, पोट्ट्यायची परीक्षा होती म्हणून. हळूहळू सारेच गेले. मंग मी बागेत आलो त पानं गळून राह्यली होती. मी म्हटलं, हेबी चालले. अन् मोटार सुरू केली. तीन दिवस बंदच केली नाई. सारी बाग हिरवी झाली. लोक म्हणत, इंदूबाईनं कशी सांभाळली पाहा. अन् फूल एक नाई." तिनं झडलेली दोन फुलं उचलली. "कोणाले सांगतलं नाई म्या हे. कोणी इचारलंच नाई."

माझ्या तोंडाशी तीन-चार वाक्यं एकदम आली. क्षमेची होती, समजुतीची होती, मी तेव्हा कसा अडकलो होतो याचंही एक होतं. सगळी खरी होती आणि आवाजही आता होता. मी ती गिळली.

"मग?" मी विचारलं.

मी आणखी काही बोलतो का याची तिनं जरा वाट पाहिली. मी बोललो नाही. तेव्हा ती डावा पाय सांभाळत आळ्याच्या कडेवर खाली बसली, मला शेजारी बसायची खूण केली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.